फ्लेक्सवरचा बगळा कोणी नेला?

"माझी नजर घारीची, नाक कुत्र्याचं, कान सशाचे आणि चाल मांजराची," भावोजींनी आपली ओळख करून दिली. "निम्मे गुन्हेगार मला नुसतं पाहून गुन्हा कबूल करतात. उरलेल्यांकडून मी कबूल करवून घेतो."

समोर बसलेल्या बाईंनी आयुष्यभर शाळेत जीवशास्त्र शिकवलं होतं. एवढे प्राणी एकाच माणसात आहेत हे ऐकून त्यांनी खुर्ची जरा मागे घेतली. मेंदू कोणाचा, हे मात्र त्यांनी विचारलं नाही, आणि तेवढ्यावरूनच मेव्हण्याच्या मनात त्यांच्याबद्दल आदर निर्माण झाला.

मेव्हणा म्हणजे भावोजींच्या बायकोचा, म्हणजे ताईचा, धाकटा भाऊ. तो चष्म्याच्या दुकानात कामाला होता. तिथलं भिंग उसनं आणता येतं, या एकाच गुणावर भावोजींनी त्याला सहायक नेमलं होतं. भावोजी स्वतः वजनमापं तपासायच्या खात्यातून निवृत्त झालेले. मापात पाप करणारे दुकानदार पकडता पकडता आपण जन्मजात गुप्तहेर आहोत असा त्यांचा समज झाला होता, आणि निवृत्तीनंतर तो दूर करायला कोणी वरिष्ठ उरला नव्हता.

बाईंची तक्रार साधी होती. वस्तीमागच्या पाणथळ जागेत भराव घालून नगरपालिका तिथे गाड्या लावायची सोय करणार होती. बाईंनी इतके हेलपाटे घातले की शेवटी मोठे साहेब म्हणाले, "रविवारच्या सभेत लोकांचा पाठिंबा दिसला, तर गाळ काढून पाणथळ पुन्हा जिवंत करू. नाही दिसला, तर भरावाचे ट्रक येतील." म्हणून बाईंनी चौकाचौकात सभेचे फ्लेक्स लावले. वर मोठा बगळा, खाली इतर पाणपक्षी नावांसकट, त्याखाली सभेची वेळ. पण फ्लेक्स लावला की दुसऱ्या दिवशी गायब!

"कागदी पत्रकांना कोणी हात लावत नाही," बाई म्हणाल्या. "फक्त फ्लेक्स जातात. दोऱ्या कात्रीने नीट कापलेल्या असतात."

"कागदाचं सोडा, ती क्षुल्लक बाब आहे," भावोजी म्हणाले.

"सभेला कोणी आलं नाही, तर ते पाणी संपलं हो," बाई म्हणाल्या आणि चष्मा पुसत बसल्या. मेव्हण्याला फार वाईट वाटलं. भावोजींनाही वाटलं असावं, कारण त्यांनी लगेच संशयितांची यादी करायला घेतली.

पहिला संशयित अर्थातच भरावाचा कंत्राटदार. भावोजींनी त्याचा पाठलाग केला. कंत्राटदार केस कापायच्या दुकानात शिरला, म्हणून भावोजीही शिरले. तो खुर्चीत बसला, म्हणून शेजारच्या खुर्चीत हेही बसले. बाहेर आले तेव्हा माहिती शून्य होती आणि मिशी निम्मी.

"वेषांतर," भावोजी म्हणाले.

दुसरा संशयित डास मारायचं औषध विकणारा. "पाणथळ राहिली की डास राहणार, डास राहिले की त्याचा धंदा राहणार. म्हणजे फ्लेक्स चोरायला त्याच्याकडे काहीही कारण नाही," भावोजींनी मांडणी केली.

"मग तो सुटला," मेव्हणा म्हणाला.

"अरे, ज्याच्याकडे कारण नाही त्याच्यावर कोणी संशय घेत नाही. म्हणून तर तो सगळ्यात धोकादायक!" या धोकादायक माणसाने भावोजींना दोन बाटल्या विकल्या.

शनिवारी संध्याकाळी भावोजी स्वयंपाकघरात चहाची वाट पाहत तिसरा सिद्धांत सांगू लागले. फ्लेक्सवर बगळा ठळक आहे, पाणकावळा मात्र कोपऱ्यात कोंबलाय. तेव्हा हा पक्ष्यांमधलाच मानापमान असण्याची शक्यता नाकारता येत नाही.

"आणि कात्री?" मेव्हण्याने विचारलं.

"चोच," भावोजी म्हणाले.

ताईने फळीवरून साखरेचा डबा काढला. "अहो, तो बगळा होय? हा काय, आपल्या डब्याखाली आहे."

दोघं उठून पाहू लागले. फळीवर बेताने कापलेला फ्लेक्स अंथरला होता, आणि साखरेच्या जागी बगळा एका पायावर उभा होता.

"बाईंनी इतकं छान जाड प्लास्टिक लावलंय. ओल लागत नाही, फडकं फिरवलं की साफ," ताई म्हणाली. "शेजारणीने स्कूटरवर घातलाय. शिंप्याने दुकानाच्या खिडकीला लावलाय. लोकांना वाटलं, वाटायलाच ठेवलेत."

पाणथळीची जाहिरात भिजून फाटली तर लोक हसतील, म्हणून बाईंनी हट्टाने न भिजणारे फ्लेक्स करून घेतले होते. काखेत कळसा आणि गावाला वळसा, असं ताई म्हणालीच. भावोजींनी मात्र हार मानली नाही. "म्हणजे सगळी वस्तीच टोळी आहे! उद्या भर सभेत मी तिचा मुखवटा फाडणार."

रविवारी सभागृहात पाय ठेवायला जागा नव्हती. सभेची वेळ सगळ्यांना पाठ होती. रोज डाळ-तांदूळ काढताना ती डोळ्यांखालून जातच होती. मागच्या बाकावर दोन बायका बोलत होत्या, "तो टिबुकली पक्षी खरंच एवढासा असतो का गं? माझ्या मिठाच्या बरणीखाली आहे." बाई दारात उभ्या राहून नुसत्या पाहत होत्या.

साहेब अजून यायचे होते. तेवढ्यात भावोजी मंचावर चढले आणि गरजले, "ज्यांच्या घरात तो बगळा आहे, त्यांनी हात वर करा!"

क्षणभर चुळबुळ झाली. मग शिंप्याचा हात वर आला, शेजारणीचा आला, आणि बघता बघता सभागृहात हातांचं रान उगवलं. पहिल्या रांगेतून ताई म्हणाली, "अहो, तुमचाही." भावोजींनी हात वर केला.

नेमके तेव्हाच साहेब आत आले आणि दारातच थबकले. "एवढे सगळे पाणथळीच्या बाजूने?"

बाईंनी जन्मात खोटं सांगितलं नव्हतं. त्यांनी फक्त लोकांकडे पाहिलं. मेव्हण्याला वाटलं, आता खुलासा होणार, हात खाली येणार, आणि उद्या ट्रक.

साहेबांनी पुन्हा विचारलं, "पाणथळ ठेवायची ना नक्की?"

"ठेवायची!" मागच्या बाकावरून आवाज आला.

एकही हात खाली आला नाही.