प्रतिष्ठित व्यक्ती क्रमांक दोन

कोणत्याही उमेदवाराला नोकरी देण्यापूर्वी त्याच्याबद्दल दोन प्रतिष्ठित व्यक्तींकडे चौकशी करावी, असा नियम आहे. नियम उत्तम आहे. ज्यांनी तो केला त्यांनी आमच्या भागात प्रतिष्ठित व्यक्ती किती आहेत हे आधी मोजायला हवं होतं, एवढंच. ४ जून २००४ रोजी या नियमानुसार मला एक पत्र आलं आणि पुढचे बावन्न दिवस मी त्याला उत्तर दिलं नाही. ते का, हे सांगण्यासाठी आधी तयारीबद्दल सांगावं लागेल.

मी राजुरीच्या वाचनालयाचा ग्रंथपाल. पूर्वी आमच्याकडे लोक पुस्तकं न्यायला येत. नव्वदनंतर ते तयारी करायला येऊ लागले. तयारी म्हणजे नोकरीची तयारी. पण 'नोकरीची' हा शब्द हळूहळू गळून पडला. 'पोरगा काय करतो?' असं कोणी विचारलं तर 'तयारी करतो' एवढं सांगून भागू लागलं आणि विचारणाराही समाधानाने मान हलवू लागला.

१९९९ साली मी एक पाहणी केली. (कोणी सांगितली नव्हती. मला वेळ होता.) नियमित येणारे वाचक त्रेचाळीस. पैकी पोलीस भरतीची तयारी करणारे अकरा, तलाठ्याची नऊ, बँकेची सात आणि 'जे निघेल त्याची' सोळा. तयारीचा सरासरी काळ तीन वर्षं चार महिने. यातून नोकरीला लागलेले दोन. त्यांतला एक तयारीला कंटाळून मामाच्या ओळखीने लागला, म्हणून त्याला हिशेबात धरावं की नाही याबद्दल मी अजून साशंक आहे. कुंडलिक नावाच्या वाचकाने सलग सात वर्षं तयारी केली. एवढ्या अनुभवामुळे नवीन मुलं त्याला विचारू लागली आणि पुढे त्याने मार्गदर्शन वर्ग काढला. तयारीने थेट पोट भरलेला आमच्याकडचा हा एकमेव माणूस, म्हणून त्याचा फोटो वर्गाच्या फळ्यावर 'यशस्वी विद्यार्थी' या मथळ्याखाली आहे.

वाचनालयानेही काळाची पावलं ओळखली. मुलाखतीला टाय लागतो, असं घोडेगावच्या एका व्यक्तिमत्त्व विकास शिबिरात सांगण्यात आलं. मग वर्गणी काढून एक टाय घेतला. दाखल क्रमांक ४११२, विषय 'संकीर्ण', मुदत सात दिवस. त्याची गाठ १९९८ साली त्या शिबिराच्या वक्त्यांनी स्वतः बांधून दिली आणि नंतर ती कोणी सोडलेली नाही. टाय डोक्यातून घालायचा आणि डोक्यातून काढायचा. २००४ पर्यंत त्याच्या अडतीस मुलाखती झाल्या होत्या. अनुभवाचा विचार केला तर आमच्याकडचा सर्वांत पात्र उमेदवार तोच.

मुलाखतीच्या उत्तरांसाठी आमच्याकडे एका मार्गदर्शक पुस्तकाच्या दोन आवृत्त्या होत्या. 'ही नोकरी आपणास का हवी?' या प्रश्नाला जुन्या आवृत्तीत 'समाजसेवेसाठी' असं उत्तर होतं आणि नव्या आवृत्तीत 'आव्हान स्वीकारण्यासाठी'. त्यामुळे ज्याला जी प्रत मिळेल त्याप्रमाणे तो समाजसेवेला किंवा आव्हानाला निघत असे. 'आपला एखादा दोष सांगा' याला मात्र दोन्हींत एकच उत्तर होतं: 'मी गरजेपेक्षा जास्त कष्ट करतो.' नव्या प्रतीत या उत्तराशेजारी कोणीतरी पेन्सिलीने लिहिलं होतं, 'हा दोष नाही. प्रश्न पुन्हा वाचा.'

हे अक्षर अमृताचं. निमगाव सावाच्या भागुजी आणि द्रौपदाची ही मुलगी. घरचा भाजीपाला बाजारात देऊन ती राजुरीला यायची आणि तयारी करायची. रसायनशास्त्र घेऊन बी.एस्सी. झालेली. तीन वर्षांत तिने एकदाही टाय नेला नाही. तिने एकच केलं: वाचनालयातल्या एकूण एक गाईडांमधल्या चुका पेन्सिलीने दुरुस्त केल्या. पुस्तकात लिहिणं हा नियम चौदाप्रमाणे गुन्हा आहे. मी रागवायचं ठरवलं होतं. पण आधी दुरुस्त्या तपासाव्यात म्हणून बसलो आणि त्या सगळ्या बरोबर निघाल्या. मग बरोबर उत्तराबद्दल कोणाला कसं रागवावं, हे मला सुचेना. मुलं तर काउंटरवर येऊन सरळ 'अमृताची प्रत द्या' असं मागू लागली.

चाकणच्या बाजूला रंग तयार करणाऱ्या एका कंपनीत प्रयोगशाळा सहाय्यकाची एक जागा निघाली. अर्ज तीनशे आठ. परीक्षेत आणि मुलाखतीत अमृता पहिली आली. आता फक्त दोन प्रतिष्ठित व्यक्तींची उत्तरं यायची होती. अट अशी की या व्यक्ती उमेदवाराच्या नात्यातल्या नसाव्यात आणि त्यांनी उमेदवाराला किमान तीन वर्षं ओळखलेलं असावं.

ही अट ज्याने गाव पाहिलेलं नाही त्यालाच सुचू शकते. गावात माणूस एकतर भावकीतला असतो, नाहीतर सोयरा असतो, नाहीतर बांधावरून त्याच्याशी बोलणं बंद असतं. यातून जे काही प्रतिष्ठित उरतात, त्यांच्याकडे अमृता गेली. ते 'बघू' म्हणाले. बौद्धवस्तीतून आलेल्या मुलीला 'बघू' म्हणतात तेव्हा त्याचा काय अर्थ होतो, हे राजुरीपासून निमगावापर्यंत कोणाला समजावून द्यावं लागत नाही.

पहिली व्यक्ती सोमाजी, माजी उपसरपंच. त्यांच्याकडे छापील दाखलाच तयार असतो: 'मी यांना लहानपणापासून ओळखतो. स्वभावाने शांत व कष्टाळू. भावी वाटचालीस शुभेच्छा.' वर नाव लिहायला मोकळी जागा. हा दाखला त्यांनी आजवर दोनशे बारा जणांना दिला आहे. त्यांत शर्यतीचा एक बैलही आहे, त्याच्या विक्रीच्या वेळी लागला होता. सोमाजींचं उत्तर कंपनीला चौथ्या दिवशी पोचलं.

दुसरी व्यक्ती मी. मी १९७१ साली परगावाहून इथे आलो. लग्न केलं नाही, म्हणून सोयरे नाहीत. शेत नाही, म्हणून बांध नाही आणि भांडणही नाही. या सर्व उणिवांमुळे मी पात्र ठरलो. अमृता पुस्तक परत करताना म्हणाली होती, "काका, एका फॉर्मवर तुमचं नाव टाकलंय." मी "बरं" म्हणालो. मला वाटलं, स्नेहसंमेलनाचं काहीतरी असेल.

पत्रात सात प्रश्न होते. उमेदवाराला कसे ओळखता, वर्तणूक कशी आहे, दबावाखाली काम करू शकेल काय, चारचौघांत मिसळते काय, वगैरे. पहिली चार उत्तरं मी त्याच दिवशी लिहिली. पाचवा प्रश्न: 'उमेदवाराचा एक दोष प्रामाणिकपणे नमूद करावा.' इथे मी थांबलो. पेन्सिलीचं लिहिलं तर पोरीची नोकरी जाईल. नाही लिहिलं तर मी खोटं लिहिलं असं होईल. सातवा प्रश्न त्याहून अवघड: 'आपले समाजातील स्थान.' मी शब्दकोश काढला. 'प्रतिष्ठित' शब्दाचा पहिला अर्थ 'स्थापन केलेला' असा निघाला. तेहतीस वर्षं एकाच खुर्चीवर असल्यामुळे त्या अर्थाने मी बसत होतो. परंतु कंपनीला तो अर्थ अभिप्रेत असेल असं वाटेना. मी नऊ कच्चे मसुदे केले. प्रत्येक मसुदा आधीच्यापेक्षा जास्त प्रामाणिक आणि कमी उपयोगाचा झाला.

शेवटी आमचा शिपाई संपत याला विचारलं.

"त्यात काय एवढं," संपत म्हणाला. "सोयरिकीचं पावणं चवकशीला आलं की असंच इचारत्यात. आपण म्हनायचं, घरचं मानूस म्हनून सांगतो, डोळं झाकून करा."

"पण घरचं माणूस नसलेलंच हवंय त्यांना."

"मग भायेरचं मानूस म्हनून सांगतो, म्हना."

"आणि दोष?"

"दोष लिवा, जेवान कमी हाय. पावन्यांना लई आवडतं."

मी हे टिपून घेतलं, पण वापरलं नाही.

जून गेला. जुलै चालू झाला. कंपनीने अमृताला कळवलं की दुसऱ्या व्यक्तीचं उत्तर ३१ जुलैपर्यंत न आल्यास पुढच्या उमेदवाराला बोलावण्यात येईल. अमृता रोज येऊन समोरच्या बाकावर बसत होती. तिने मला एका शब्दाने विचारलं नाही. चौकशी गोपनीय आहे असं फॉर्मवर छापलेलं होतं आणि ती छापलेलं नीट वाचणारी मुलगी. मी रोज तिला पाहून घाईने कपाटामागे जात होतो. त्या दोन महिन्यांत कपाटं जितकी नीट लागली तितकी पूर्वी कधी लागली नव्हती.

२२ जुलैला, गुरुवारी, द्रौपदा आली. येताना तिने पोस्टाचं पाकीट आणलं होतं. ते माझ्यासमोर ठेवून ती खुर्चीच्या कडेवर बसली.

"काका, एक पत्र लिवून पायजे. कडक."

"कुणाला?"

"आमच्या अमृताच्या फारमावर कुनी एक मोठं मानूस हाय म्हनं, दोन नंबरचं. दोन म्हयने झालं, त्याचं उत्तर येत न्हाई. पोरगी नाव सांगंना. तुमी शिकल्यालं, कंपनीतनं नाव काढा आन लिवा त्यानला."

मी म्हणालो, कामात असेल तो.

"कसलं काम? पोरीनं उन्हातानात येऊन तीन वर्सं काढली. तीनशे जनांत पैली आली. आन ह्यो बाबा चार वळी लिवना. आजारी हाय का?"

"नसावा."

"मग भितो का?"

"शक्यता आहे," मी म्हणालो.

"त्यानला म्हनावं, नोकरी तुजी जानार न्हाई, तिची जाईल. भ्यायचंच आसंल तर तिनं भ्यावं. ती न्हाई भ्येत."

मी लिहायला घेतलं. आयुष्यात मी कोणाला कडक पत्र लिहिलेलं नाही. उशिरा पुस्तक आणणाऱ्यालाही 'सवडीने आणावे' असं लिहितो. पण त्या दिवशी लेखणी चालली. 'महोदय, आपले नाव प्रतिष्ठित व्यक्ती म्हणून सुचवण्यात आले आहे. यात सुचवणाऱ्याची चूक झाली किंवा कसे, ते आपल्या उत्तरावरून ठरेल. तूर्त उत्तर नसल्याने ते ठरलेलेच आहे असे समजण्यास हरकत नाही.' द्रौपदाने ऐकून घेतलं. "आजून थोडं," ती म्हणाली. मी आणखी एक परिच्छेद वाढवला. तोही चांगला झाला.

मग पाकिटावर पत्ता घालायची वेळ आली. मी म्हणालो, नंतर घालतो. ती म्हणाली, आत्ता घाला, जाता जाता पेटीत टाकते. आता, चौऱ्याण्णव साली साक्षरता वर्गात द्रौपदाला अक्षरओळख मीच करून दिलेली. तिला मराठी वाचता येतं, याला जबाबदार मी. म्हणून मी माझं नाव आणि माझा पत्ता इंग्रजीत घातला.

द्रौपदाने पाकीट हातात घेऊन बराच वेळ पाहिलं.

"विंग्रजीत कशापायी, काका?" ती म्हणाली. "राजुरीतल्या राजुरीत तर जायचंय."

आणि पाकीट टाकायला निघून गेली.

राजुरीचं पत्र राजुरीत यायला दोन दिवस लागले, कारण नियमाप्रमाणे त्याला आधी बाहेरगावी जाऊन शिक्का घेऊन यावं लागतं. शनिवारी ते मला मिळालं. उघडून वाचलं. भाषा खरोखरच कडक होती. असं पत्र आल्यावर कोणताही सभ्य माणूस गप्प बसू शकणार नाही, असं मला वाटलं, आणि आपण सभ्य असू अशी पुसटशी शंका प्रथमच आली. त्याच भरात मी बसलो. पाचव्या प्रश्नाला लिहिलं: 'पुस्तकांतल्या चुका पेन्सिलीने दुरुस्त करते. विचारून करत नाही. दुरुस्ती बरोबर असते.' सहावा प्रश्न, 'आपण स्वतः या उमेदवारास नोकरी दिली असती काय?' याला 'होय' लिहिलं. सातव्यात, समाजातील स्थान, 'राजुरी, तालुका जुन्नर.' खाली एक ओळ वाढवली: 'उत्तरास झालेला विलंब हा उमेदवाराचा दोष धरू नये, तो माझा असून मी या नोकरीसाठी अर्ज केलेला नाही.'

दुसऱ्या दिवशी रविवार असल्याने एक दिवस थांबावं लागलं. (या दिवशी दहावा मसुदा करण्याचा मोह झाला, हे कबूल करतो. लेखणी संपतकडे ठेवायला दिली.)

इतकं वाचताना आपण मला एक-दोनदा हसला असाल, हसण्यासारखं आहेच. परंतु आमच्या अंदाजानुसार या राज्यात आजमितीस काही लाख अर्ज दुसऱ्या उत्तरावाचून थांबलेले आहेत आणि तेवढे प्रतिष्ठित एकट्या राजुरीत राहत नाहीत. आपल्या घरात विजेच्या बिलांखाली, 'सवडीने नीट लिहू' म्हणून ठेवलेला एखादा लिफाफा असेल. तो सापडला नाही, तर कोणाला आपलं नाव सुचलंच नाही, असाही त्याचा अर्थ होऊ शकतो. दोन्हींपैकी कोणतं बरं, ते आपण ठरवावं. मला ठरवता आलं नाही. म्हणून सोमवारी, २६ जुलैला, मी माझं उत्तर साडेतीनच्या टपालात टाकलं.