सॉसेज माझं, बाकी सगळं तुमचं

हे मी आजवर कुणालाच सांगितलेलं नाही, बायकोलासुद्धा नाही. वैशंपायनांना आयुष्यात एकदा डुकराचं मांस खाऊ घातलं, ते मी.

आता सांगायलाच बसलोय तर आधी वैशंपायन कोण ते सांगतो. लंडनमधल्या क्रॉयडनच्या आमच्या ऑफिसात ते सॉफ्टवेअर टेस्टर होते. साठीला टेकलेले, मूळचे पुण्याचे, विधुर, आणि इतके शाकाहारी की केकमध्ये अंडं आहे का हे कळल्याशिवाय कुणाला 'हॅपी बर्थडे' म्हणत नसत. आणि या माणसाला वेड होतं गावोगावचे हॉट डॉग पारखण्याचं.

ते जमायचं असं. घरून ते सोयाचं सॉसेज तव्यावर परतून स्टीलच्या डब्यात घेत. हॉट डॉगच्या व्हॅनपुढे रांगेत उभे राहत आणि नंबर आला की डबा पुढे करत. "सॉसेज माझं, बाकी सगळं तुमचं." विकणारा आधी त्यांच्याकडे बघे, मग डब्याकडे, मग रांगेत मागे, म्हणजे माझ्याकडे. मी तेव्हा बुटाची लेस बांधायला खाली वाकलेला असे.

"अहो, पण सॉसेजच आपलं, तर मग परीक्षा कसली?" मी एकदा विचारलं.

"काळे, टेस्टिंगमध्ये काय करतोस? एक गोष्ट स्थिर ठेवतोस ना? हे सॉसेज स्थिर. मग उरलेला फरक बनचा, कांद्याचा, मोहरीचा. तुम्ही मांसवाले सॉसेजलाच भुलता!"

त्यांची एक वही होती. क्रॉयडन: 'कांदा करपलेला, केचपचा पूर. फेल.' साउथहॅम्प्टन: 'क्रूझवरच्या अमेरिकनांच्या कृपेने पिवळी मोहरी आणि काकडीचं गोड लोणचं. बन ओला. री-टेस्ट.' री-टेस्टला मीही जायचो, कारण कार माझी. मला एका जागी दहा मिनिटं उभं राहवत नाही, आणि त्यांना एक घास चावायलाच तेवढा वेळ लागे. "चालताना चव कळत नाही," म्हणून ते खांबासारखे उभे, आणि मी त्यांच्याभोवती प्रदक्षिणा घालतोय.

कार्डिफला गेलो तो नेमका रग्बीच्या मॅचचा दिवस. जिकडे तिकडे लाल जर्सी. तीन व्हॅन नापसंत करून वैशंपायन चौथीपाशी थांबले. तिथली बाई लीक, म्हणजे जाडजूड कांद्याची पात, बटरमध्ये परतून वर चीज किसून घालत होती. माझं लक्ष घड्याळाकडे. पार्किंगची वेळ संपत आली होती. "डबा धर रे," म्हणून ते मोहऱ्यांच्या बाटल्या वाचायला पलीकडच्या टेबलाशी गेले. मी घाईने झाकण उघडलं, मागून धक्का बसला आणि सॉसेज फुटपाथवर. एका लाल जर्सीने ते तुडवलंसुद्धा.

खरं सांगितलं असतं तर ते एवढंच म्हणाले असते, "हरकत नाही, पुढच्या शनिवारी येऊ." आणि तो पुढचा शनिवार मला नको होता. मी बाईंना म्हणालो, "तुमचंच घाला."

वैशंपायनांनी पहिला घास घेतला. डोळे मिटले. घास गिळून म्हणाले, "काळे. पास!" वहीत हा शब्द पहिल्यांदाच उतरला.

परतीच्या वाटेवर ते गप्पच बसेनात. "चला, उद्या मीनलला सांगायला काहीतरी आहे."

मीनल त्यांची मुलगी, शिकागोला असते. आई गेल्यापासून या दोघांचा रविवारचा फोन 'जेवलात का' आणि 'थंडी आहे का' यावर तीन मिनिटांत आटपायचा. एकदा तिने सहज तिकडचा हॉट डॉग सांगितला. खसखस लावलेला बन, टोमॅटो, लोणचं, तिखट मिरच्या, आणि केचप मागणाऱ्याला जवळजवळ वाळीतच टाकतात. वर विचारलं, मग तुमच्याकडे कसा असतो हो, बाबा?

"त्या दिवशी चाळीस मिनिटं बोललो रे," ते म्हणाले. "मग मला दर आठवड्याला काहीतरी शोधणं आलं."

मी ओव्हरटेक करत होतो.

उन्हाळ्यात मीनल आली, आई गेल्यावर पहिल्यांदाच. बाबांचं 'पास' खायला. ड्रायव्हर अर्थात मी. तीच व्हॅन, तीच पात, तेच चीज. डबा या वेळी त्यांनी स्वतः धरला. एक घास घेतला, थांबले. दुसरा घेतला.

"छान आहे की, बाबा!"

"नाही गं. ते हे नाही." मग कसनुसं हसले. "बाई तीच, सामान तेच, सॉसेज तर माझंच. म्हणजे बिघाड माझ्या जिभेत. वय झालं. तुला उगाच एवढ्या लांब आणलं."

"असं काय बोलता?"

"टेस्टरच नापास, मीनल." त्यांनी वही मिटली. मी खिशातल्या किल्ल्या खुळखुळवत उभा होतो.

त्यानंतर आम्ही कुठे गेलो नाही. ते रिटायर झाले, अजून क्रॉयडनलाच असतात. मी अधूनमधून जातो, पाच मिनिटं टेकतो, उठतो. परवा त्यांनी आमटीची पळी माझ्यापुढे धरली. "मीठ बघ रे, मला आता कळत नाही." रविवारचा फोन पुन्हा तीन मिनिटांवर आलाय, हेही त्यांनीच सांगितलं. मीठ बरोबर आहे म्हणालो आणि कोट चढवला.

खरं सांगितलं तर धर्म बाटवला म्हणून ते मला दारात उभं करणार नाहीत, कदाचित. तो त्यांचा अधिकार. पण त्यांची जीभ धडधाकट होती, दुसऱ्या घासाच्या आत तिने फरक ओळखला होता, आणि खोटा निघालो तो मी. हे त्यांच्या तोंडावर सांगायचं, एवढं मी अजून त्यांचं देणं लागतो.