तेरा फूट वाट

पीएच.डी.साठी केलेला अर्ज पोहोचल्याची पोच म्हणून परदेशातल्या विद्यापीठाने मला तेरा फूट लांब आणि अडीच फूट रुंद अशी एक वाट पाठवली. सोबतच्या पत्रात लिहिलं होतं, की निर्णय होईपर्यंत ती पाहावी.

वाट टेम्पोतून आली. सतरंजीसारखी गुंडाळलेली होती आणि दोन माणसांनी ती खांद्यावरून आणली. बेल वाजली तेव्हा मी दचकले. पण बेल वाजली की मी दचकतेच, त्यामुळे त्याला काही विशेष अर्थ नाही.

"सही करा," त्यातला एक म्हणाला. "ओली आहे, लगेच पसरा. गुंडाळून ठेवली तर वास मारते."

आमचा फ्लॅट साताऱ्यात, पहिल्या मजल्यावर. हॉल अकरा फुटांचा. वाट दुमडू नये, असं पत्रात स्पष्ट होतं. म्हणून ती खाली पार्किंगमध्ये पसरली. एक टोक मीटरच्या खोलीच्या भिंतीला टेकलं, दुसरं जिन्याशी आलं. करडी माती, बारीक खडी आणि मधोमध गवताची एक रेघ. चांगली वाट होती.

पत्र दोन पानी होतं. सोमवार ते शुक्रवार, सकाळी दहा ते साडेपाच, स्थानिक वेळेनुसार पाहायची. बदली माणूस चालेल, पण त्याने मनापासून पाहिलं पाहिजे. नुसती नजर टाकणं हे पाहणं धरलं जाणार नाही. इतर अर्जदारांच्या वाटेला जाऊ नये. निर्णय वाटेवरूनच येईल. आला की त्याला अडवू नये, ओढू नये, उचलू नये. तो पायापाशी येऊ द्यावा. न पाहिलेल्या भागावर शेवाळ धरतं. ते एक चौरस फुटाच्या वर आढळलं, तर अर्ज निकालात काढण्यात येईल.

हे शेवटचं वाक्य वाचून मला जरा हसू आलं. माझा विषय शेवाळच आहे. पुस्तकात त्याला हरिता म्हणतात, पण घरी आणि प्रयोगशाळेत आम्ही शेवाळच म्हणतो. एम.एस्सी.ला मी किल्ल्याच्या पायऱ्यांवरचं शेवाळ केलं होतं. पुढचं सगळं त्या एका विद्यापीठात होतं. दुसरीकडे मी अर्जच केला नव्हता.

सोसायटीचे सेक्रेटरी निकम काका त्याच संध्याकाळी खाली आले.

"शाल्मली, हे काय आहे?"

"वाट आहे, काका. पाहण्यासाठी दिलीय."

"सोसायटीच्या हद्दीत खासगी वाट? उद्या लोक येतील-जातील इथून."

"कुठून येतील? ती भिंतीला टेकते."

"म्हणजे ही कुठं जात नाही?"

"अजून नाही."

काका विचारात पडले. "किती दिवस राहणार?"

"निर्णय होईपर्यंत."

"म्हणजे किती?"

"ते लिहिलेलं नाही."

"मग मी माझी स्कूटर हलवणार नाही," काका म्हणाले. "तुझ्या वाटेच्या आधीपासून ती इथं उभी आहे." खरं होतं ते. स्कूटरचं मागचं चाक जिन्याकडच्या टोकापासून दोन फुटांवर वाटेत उभं होतं. मी म्हटलं, राहू द्या. चाकाने मला काही त्रास नव्हता. स्कूटर सुरू होतानाचा फाटदिशी आवाज तेवढा सोसत नसे.

मी प्लॅस्टिकची खुर्ची जिन्याकडच्या टोकाला ठेवली आणि दुसऱ्या दिवशी दहा वाजल्यापासून कामाला लागले.

वाट पाहणं हे बसून करायचं काम असलं, तरी सोपं नाही. पहिले दोन दिवस मी फक्त खडी पाहिली. मग गवत. तिसऱ्या दिवसापासून वाट अशी दिसायला लागली. अडचण एकच होती, माझं दचकणं. लिफ्टचं दार आपटलं, कुणाच्या कुकरची शिट्टी झाली, फोन थरथरला, की माझे डोळे उडायचे. मीटरच्या खोलीत एक बटण आपोआप खट्ट करून पडतं, तेव्हा तर मी तिकडच्या टोकाकडे बघायचंच टाळत असे.

"दचक खुशाल," आई म्हणाली, "पण डोळे वाटेवर ठेवून दचक."

आई आठवी ते दहावीच्या मुलांचे भूगोलाचे क्लास घरीच घेते. सोसायटीत तिला सगळे कणसे बाई म्हणतात. बाबा नोकरीसाठी सोलापूरला असतात आणि शनिवारी येतात, म्हणजे वाटेच्या सुट्टीच्या दिवशी. त्यांचा उपयोग नव्हता. तेव्हा बदलीला आईच. दुपारी अर्धा तास ती बसायची, मी जेवून यायचे. पण चारला मी हाक मारली, की वरून उत्तर यायचं, "चारला मला काम असतं."

"काय काम?"

"चहा."

मग तळमजल्यावरच्या बर्गे काकू बसायच्या. मी त्यांना आधीच सांगितलं, "काकू, मनापासून पाहावी लागेल हं."

"मनापासून म्हणजे? अगं, तीस वर्षं यांची पाहिली. पोलिसात होते हे. जा तू, चहा पिऊन ये, उगाच मला शिकवू नकोस."

काकूंनी पाहिलेल्या दिवशी वाट खरोखर ताजी दिसायची. गवतसुद्धा उभं राहायचं.

निकम काका मात्र भाजीची पिशवी घेऊन जाता-येता विचारायचे, "काय गं, अजून वाटच बघतेयस?"

"हो काका, साडेपाचपर्यंत."

असे सहा आठवडे गेले. मार्चच्या दुसऱ्या गुरुवारी अकराच्या सुमारास एक गृहस्थ आले. खांद्याला कापडी पिशवी, हातात मोजपट्टी. जिल्ह्याचे वाट निरीक्षक टोणपे, अशी त्यांनी ओळख करून दिली. मी उठायला लागले, तर म्हणाले, "बसा, बसा. पाहणं चालू ठेवा."

ते वाटेच्या कडेने उकिडवे चालत गेले आणि मीटरच्या खोलीशी थांबले. मोजपट्टी काढली. एकदा उभी लावली, एकदा आडवी.

"शेवाळ आहे ताई."

"किती?"

"चौदा इंच बाय अकरा. म्हणजे एक चौरस फूट आणि वर दहा चौरस इंच." त्यांनी पिशवीतून रजिस्टर काढलं. "अर्ज निकालात निघतो. नियम आहे, माझ्या घरचा नाही."

जिन्यात उभे असलेले निकम काका म्हणाले, "बघा! मी म्हणतच होतो, ही सारखी इकडेतिकडे बघते."

मी दचकले. मग मला आठवलं, की शेवाळ आहे. शेवाळाबाबत मला कुणी काही सांगावं, अशी परिस्थिती तालुक्यात नव्हती. मी बर्गे काकूंना खुर्चीत बसवलं, गळ्यातलं भिंग काढलं आणि टोणप्यांच्या शेजारी जमिनीवर पालथी पडले.

"साहेब, इकडे या. या दांड्या दिसतात? वर कुप्या आहेत. बीजाणूंच्या. झाकणं पडून गेलीत, कुप्या रिकाम्या झाल्यात."

"मग?"

"एवढं व्हायला निदान सहा-सात महिने लागतात. वाट येऊन सहा आठवडे झाले. आणि मार्चमध्ये साताऱ्यात पंख्याशिवाय माणूस तगत नाही, शेवाळ कुठलं धरतंय? हे आपल्याकडचं नाहीच. मी इथल्या सगळ्या भिंती पाहिल्यात. हे थंड देशातलं आहे. वाटेबरोबर आलंय."

टोणप्यांनी भिंग घेतलं आणि बराच वेळ पाहिलं. "म्हणजे विद्यापीठानंच वाट पाहिली नाही, असं तुमचं म्हणणं?"

"त्यांच्याकडे होती तेव्हा या एवढ्या भागाची नाही पाहिली."

"कुणाची वाट?"

"माझीच," मी म्हटलं. "पण बाकीची पाहिलीय. ती स्वच्छ आहे."

"तुम्ही म्हणता ते पटतंय. पण ताई, शेरा लिहायचा तर तुलना लागते. इथल्या हवेत, इथल्या पाण्यात पाहिलेली वाट कशी राहते, ते दाखवावं लागेल." त्यांनी रजिस्टरची मागची पानं चाळली. "तालुक्यात चालू वाट कुठं... हां. ही काय, याच पत्त्यावर आहे. पुष्पलता कणसे. अर्ज एकोणीसशे त्र्याण्णवचा. एम.ए., भूगोल."

पुष्पलता हे माझ्या आईचं नाव आहे.

आई वरूनच म्हणाली, "आणा त्यांना वर. क्लास सुटलाय आत्ताच."

आमच्या स्वयंपाकघरामागे ड्राय बाल्कनी आहे. तिथे वॉशिंग मशीन, कपड्यांची दोरी आणि खाली एक फूट रुंदीचा दगडमातीचा पट्टा. तो मी जन्मापासून पाहत होते आणि बिल्डरने फरशी अर्धवट ठेवली, असं समजत होते. त्यावर मी बादल्या ठेवल्या होत्या. दहावीला असताना त्यावर उभं राहून पाठांतर केलं होतं.

"माहेरहून आणली," आई टोणप्यांना म्हणाली. "लग्न ठरलं तेव्हा उत्तर यायचं होतं. तशीच टाकून कशी यायची?"

टोणप्यांनी मोजपट्टी लावली. "रजिस्टरला साडेचार फूट आहे. इथं तीन फूट आठ इंचच भरतेय."

"उरलेली मशीनखाली गेलीय."

मशीनचा पाइप गळतो. पट्टा कायम ओला असतो. टोणपे गुडघ्यावर बसले आणि या टोकापासून मशीनपर्यंत त्यांनी बोट फिरवलं. बोटाला काही लागलं नाही. शेवाळाचा ठिपकासुद्धा नव्हता.

"रोज पाहता?"

"चार ते सव्वाचार. एवढाच वेळ मिळतो. चालतं ना?"

"मनापासून असेल तर चालतं," टोणपे म्हणाले. बत्तीस वर्षांच्या रकान्यात त्यांनी एक लांब रेघ ओढली आणि पुढे लिहिलं, 'वाट चालू. निर्णय प्रलंबित.' मग माझ्या पानावर लिहिलं, 'शेवाळ पूर्वीचे. अर्जदार निर्दोष.' सहीखाली शिक्का मारला. मी त्या आवाजाला दचकले.

ते गेल्यावर मी आईला विचारलं, "मला का नाही सांगितलंस कधी?"

"तू कधी विचारलंस, मी चहा कुठे पिते?" तिने दोरीवरचा टॉवेल सारखा केला. "आणि तू दचकतेस. म्हटलं, राहू दे."

पुढच्या आठवड्यात बुधवारी, तीन वाजून छत्तीस मिनिटांनी, मीटरच्या खोलीच्या भिंतीतून एका पांढऱ्या पाकिटाचा कोपरा बाहेर आला. मग पूर्ण पाकीट आलं आणि वाटेवरून माझ्याकडे सरकायला लागलं. त्याचा वेग मिनिटाला अर्धा फूट होता.

बर्गे काकू चप्पल न घालताच धावत आल्या. "आलं गं! उचल ना!"

"उचलायचं नाही, काकू. येऊ द्यायचं."

पाकीट गवताच्या कडेने, खडी चुकवत नीट येत होतं. आत काय आहे, हे पाकिटाच्या चालीवरून कळत नव्हतं. घाईही नव्हती आणि रेंगाळणंही नव्हतं. चारला दोन मिनिटं असताना ते स्कूटरच्या मागच्या चाकाशी आलं आणि थांबलं. थोडं डावीकडे गेलं, परत आलं, पुन्हा चाकाला टेकलं.

"निकम काका!" मी हाक मारली. डोळे वाटेवरच होते.

काका गॅलरीतून वाकले. "काय?"

"स्कूटर काढा. निर्णय अडलाय."

"मी आधीच सांगितलं होतं..."

"अहो निकम, या खाली मुकाट्यानं!" बर्गे काकू ओरडल्या. "पोरीचं आयुष्य तुमच्या टायरला टेकलंय, आणि तुम्हाला जागेचं पडलंय!"

काका लुंगी सावरत खाली आले. ढकलली असती तरी चाललं असतं, पण त्यांनी सवयीने किक मारली. फाटदिशी आवाज झाला. मी दचकले, खांदे, गुडघे, सगळं उडालं. डोळे मात्र जागेवर राहिले.

चाक निघालं आणि पाकीट पुढे आलं. दोन फुटांना चार मिनिटं. ते माझ्या अंगठ्याला टेकलं, तेव्हा मी ते उचललं आणि उघडलं. प्रवेश मिळाला होता. खाली एक ओळ होती, की वाट धुऊन, वाळवून परत करावी, शेवाळ काढू नये.

"काय आहे?" निकम काकांनी विचारलं.

"अ‍ॅडमिशन मिळाली."

"मग उद्यापासून स्कूटर नीट लावतो," ते म्हणाले, आणि डोळे पुसायला उगाच तिकडे वळले.

मी वर पळत गेले. चार वाजून सहा मिनिटं झाली होती. आई ड्राय बाल्कनीत वेताच्या मोड्यावर बसली होती, हातात कप.

"आई..."

"मिळाली ना? जिन्यातल्या पावलांवरून कळलं. थांब जरा, सव्वाचारपर्यंत."

मी दारात थांबले आणि मशीनकडे बघितलं. मग परत बघितलं.

"आई, मशीन कधी घेतलं आपण?"

"तू दहावीला असताना. का?"

"ते वाटेत आहे."

आईने एकदा मशीनकडे पाहिलं, एकदा माझ्याकडे. मी पाइप सोडवला, मशीनला मिठी मारली आणि ते पुढे ओढून बाजूला केलं. खाली दहा इंच वाट होती, आणि तिच्यावर शेवाळ. मी वितीने मोजलं. चौरस फुटाच्या आतच होतं. हे मात्र आपल्याकडचं होतं, मी पायऱ्यांवर पाहिलेलं.

शेवाळात एक पिवळं पाकीट रुतलेलं होतं. ते थोडं हललं, मोकळं झालं आणि आईच्या दिशेने निघालं. जुनं पाकीट होतं, हळू येत होतं.

मी नकळत वाकले.

"हात लावू नकोस," आई म्हणाली. "आणि मध्ये उभी राहू नकोस. मला दिसत नाहीये."

मी बाजूला झाले. आईने कप खाली ठेवला, पदर सारखा केला आणि पाय जमिनीवर नीट जुळवले.

"पाचच्या मुलांना कळव," ती म्हणाली. "आज क्लास उशिरा सुरू होईल."