चॅम्पियनला समोर कोणीतरी लागतं

आमची शेजारीण पिर्को रोज सकाळी आपल्या ड्राइव्हवेवरून गुडघ्यांवर चालत लेटरबॉक्सपर्यंत जाते आणि गुडघ्यांवरच परत येते. येताना उलटी, पाठ घराकडे करून. वय छप्पन्न-सत्तावन्न, उंच, पांढरे केस बारीक कापलेले, गुडघ्यांना उशीएवढे जाड पॅड. टाकानिनी या उपनगरातल्या आमच्या नव्या वसाहतीत सगळी घरं एका साच्यातली. कुरिअरवाल्याला घर सापडेना की मी सांगते, एक बाई गुडघ्यांवर चालताना दिसेल, तिच्या डावीकडचं आमचं.

तिथे राहायला येऊन वर्ष होत आलं तरी हे काय चाललंय असं मी तिला विचारलं नव्हतं. मी ओटाहुहुला एका फार्मसीत काम करते. दिवसभर लोकांची दुखणी ऐकल्यावर घरी येऊन आणखी कोणाच्या गुडघ्यांची चौकशी करायची हौस उरत नाही. पण मग आई पुण्याहून राहायला आली. पहिल्याच सकाळी चहाचा कप घेऊन ती खिडकीत उभी राहिली, आणि कप खाली ठेवून तिने हात जोडले.

"केवढा मोठा नवस बोललीय गं बिचारी," आई म्हणाली.

मी म्हटलं, आई, इथे असं कोणाला विचारत नाहीत. आई म्हणाली, तुम्ही नसाल विचारत. माझ्या जँडल्स, म्हणजे इथल्या रबरी चपला, पायांत सरकवून ती गेलीसुद्धा. कोणत्या देवाचा, किती दिवसांचा, फळलं का, असं सगळं तिने आपल्या इंग्रजीत विचारलं. पिर्कोने नीट ऐकून घेतलं, विचार केला आणि सांगितलं, की देवाचं काही नाही, मी गोलकीपर आहे.

त्या दिवसापासून आई रोज चहाचा दुसरा कप घेऊन कुंपणापाशी जायला लागली. पिर्को बोलते म्हणजे दिवसाला एक वाक्य, फार तर दोन. आमची आई मिनिटाला तेवढी बोलते. त्यांचं कसं जमलं देव जाणे, पण महिन्याभरात आईने तिची सगळी हकीकत जमा केली आणि पोळ्या लाटताना मला ऐकवली.

पिर्को फिनलंडची, तांपेरे शहरातली. तिचा खेळ फ्लोअरबॉल. हॉलमध्ये खेळायचा, हॉकीसारखा, पण स्टिक प्लॅस्टिकची आणि बॉल पोकळ, सगळीकडे भोकं असलेला. बाकी सगळ्यांच्या हातात स्टिक, फक्त गोलकीपरच्या हातात काही नाही. तिने गुडघे टेकून बसायचं आणि हातांनी, छातीने, पोटाने, जमेल तसं अडवायचं. हे ऐकून आई फार हळहळली. बिचारीला एक काठीसुद्धा दिली नाही म्हणे.

काठी नसताना ही बाई तिथली चॅम्पियन होती. एकदा नाही, अनेकदा. देशासाठी खेळली, पदकं आणली. स्वीडनचं नाव ती ज्या सुरात घेते त्या सुरात आमच्याकडे फक्त माझ्या मोठ्या काकांचं नाव निघतं, तेही वाटणीचा विषय असला तर. एका मोठ्या फायनलला तिने स्वीडनची शेवटची पेनल्टी पोटावर घेतली आणि फिनलंड जिंकलं. दुसऱ्या दिवशी पेपरात पहिल्या पानावर फोटो. ती पोस्टात नोकरीला होती, आणि सकाळी खिडकीवर बसून तोच पेपर हातात धरलेल्या लोकांना तिकिटं देत होती. कोणी ओळखलं नाही, कारण फोटोत तोंडावर मास्क.

"मग तू सांगितलं नाहीस?" आईने विचारलं.

"त्यांनी विचारलं नाही," पिर्को म्हणाली.

अशी ती. तिच्याकडून कौतुकाचा शब्द निघणं म्हणजे दगडाला घाम फुटणं. आईने पुरणपोळी करून नेली, वर तुपाची धार. पिर्कोने ती संपवली, बोटं पुसली आणि म्हणाली, "वाईट नाही." आई दोन दिवस कुंपणाकडे फिरकली नाही. मी आमच्या बागेत टोमॅटो लावले तर म्हणे, इथे ऊन नाही, येणार नाहीत. आले नाहीत. माझ्या नवऱ्याने एकदा तिच्याशी गप्पा मारायच्या म्हणून, आज हवा छान आहे, असं म्हटलं. तिने आभाळाकडे पाहून खात्री केली, हो म्हणाली आणि घरात निघून गेली.

मग एका संध्याकाळी हीच पिर्को आमच्या दारात उभी. आपण होऊन. मी आत बोलावलं, बसवलं, चिवडा दिला. ती काही बोलेना. गप्प बसलेला पाहुणा मला सोसत नाही, म्हणून मी फार्मसीतल्या गमती सांगितल्या, पेट्रोलचे भाव सांगितले, शेवटी पातळ पोह्यांच्या चिवड्याची कृती सांगितली. चिवडा संपल्यावर ती म्हणाली, "मला माणसं हवीत."

प्रकरण असं होतं. जवळच्या कम्युनिटी हॉलमध्ये दर रविवारी दुपारी एक तास फ्लोअरबॉलचा. तिने आणि तिच्या नवऱ्याने, गॅविनने, सुरू केलेला. गॅविन इथलाच, हीटिंगची कामं करणारा. कधीकाळी तांपेरेच्या एका हॉलचं हीटिंग दुरुस्त करायला गेला आणि तिथून चॅम्पियनच घेऊन आला. दोन वर्षांपूर्वी तो वारला. त्यानंतर काही चेक मुलं यायची, तीही व्हिसा संपल्यावर आपल्या देशी परतली. आता हॉलवाल्यांनी कळवलं होतं, की पुढच्या महिन्यापर्यंत पुरेशी माणसं आली नाहीत तर रविवारचा तास काढून घेऊ आणि कुत्र्यांना शिस्त लावण्याच्या क्लासला देऊ.

एवढं बोलून तिला दम लागला. घरभर माणसं असल्यामुळे मला कधी कोणाला हाक मारावी लागली नव्हती, आणि या बाईला एका वाक्यासाठी वाटीभर चिवडा खावा लागला. मला अगदी भरून आलं.

अशा वेळी मराठी माणूस काय करतो? सत्कार करतो. गणपती आठवड्यावर आले होते. मी आमच्या मंडळाचे सेक्रेटरी जोगळेकर यांना फोन लावला, की आपल्या टाकानिनीत एक जागतिक दर्जाची खेळाडू आहे आणि आपल्याला पत्ता नाही. जोगळेकरांना सत्काराला माणूस मिळाला की जेवणसुद्धा सुचत नाही. शाल, श्रीफळ, मानपत्र सगळं तासाभरात ठरलं. माझा हिशेब साधा होता. मंडळासमोर चॅम्पियन उभी केली की निदान डझनभर माणसं रविवारी येतील.

पिर्कोला मात्र पटेना. कशाबद्दल, असं तिने विचारलं. मी म्हटलं, तू चॅम्पियन आहेस म्हणून.

"ते तेव्हा. आज मी काही केलेलं नाही."

मी परोपरीने समजावलं, की आमच्याकडे सत्कार होतो त्या दिवशी माणसाने काहीच केलेलं नसतं, नुसतं खुर्चीवर बसायचं असतं. मग म्हणाली येते, पण गाडीत मागची सीट पाडून ठेव.

माउंट रॉस्किलला शाळेचा हॉल भाड्याने घेतला होता. आरती झाली, लहान मुलांचे नाच झाले. जोगळेकर माइकवर आले आणि पिर्कोची ओळख करून द्यायला लागले. त्यांनी भारतीय हॉकीपासून सुरुवात केली, मग खो-खो, मग त्यांच्या स्वतःच्या कॉलेजातल्या टेबल टेनिसवर ते बराच वेळ रमले. स्टेजवर पिर्को पाठ ताठ करून बसली होती, दाढ काढायला आल्यासारखी. शाल घेऊन जोगळेकर पुढे झाले तशी ती उठली, त्यांना हाताने थांबवलं आणि पायऱ्या उतरून हॉलच्या मागच्या दाराने सरळ बाहेर.

सगळे माझ्याकडे बघायला लागले. आई म्हणाली, बाथरूमला गेली असेल.

पाच मिनिटांनी ती परत आली ती गोलचा सांगाडा ओढत. अंगात जाड पँट, गुडघ्यांना पॅड, हातात मास्क. स्टेजसमोरच्या मोकळ्या जागेत तिने गोल लावला, मास्क चढवला, गुडघे टेकले. मग एक स्टिक आणि बॉल जमिनीवरून जोगळेकरांकडे सरकवले. "मारा," म्हणाली.

जोगळेकरांनी शाल स्वतःच्याच खांद्यावर टाकली आणि मारला. तिने तो पोटावर घेतला. त्यांनी आणखी एक मारला, मग आणखी एक. मागून कोणीतरी म्हणालं, जोगळेकर, दुसऱ्यांनापण द्या. आणि मग जी रांग लागली ती प्रसादाला लागत नाही. पोरं आली, नऊवारी नेसलेल्या बायका पदर खोचून आल्या, मिडलमोर भागातले एक हार्ट स्पेशालिस्ट सिल्कचा कुर्ता सावरत तीनदा रांगेत घुसले. केटररने झारा ठेवून एक बॉल मारला. एकाचाही गोल झाला नाही. ती डावीकडे झेपावे, उजवीकडे झेपावे, आणि बॉल अडवला की मारणाऱ्याकडे परत सरकवी. तासाभराने घामाने निथळत उठली, जोगळेकरांसमोर जाऊन उभी राहिली आणि मान पुढे केली. आता शाल घाला, असं. टाळ्या थांबता थांबेनात. रविवारी दोन वाजता येतो, असं निदान तीस जणांनी तिला हातात हात घेऊन सांगितलं.

त्या रविवारी मी आणि आई दोनला पाच कमी असताना हॉलवर पोचलो. पिर्को आधीच आली होती. गोल लावलेला, स्टिक्स भिंतीशी ओळीने मांडलेल्या. ती पॅड बांधून गोलमध्ये गुडघे टेकून बसली होती, मास्क मांडीवर.

दोन वाजले. कोणी नाही. सव्वादोन झाले, तरी कोणी नाही. मी फोन लावायला लागले, कोणी उचलेना. आई स्टिक्सची ओळ उगाच सरळ करत होती. अडीचच्या सुमाराला पिर्कोने पॅडचा एक पट्टा सोडला.

मी घाईघाईने तिला सांगायला लागले, की हे बघ, आमची माणसं दोन म्हटलं की दोनला घरी आंघोळीला जातात. यात तुझा अपमान नाही. आमची लग्नंसुद्धा अशीच लागतात. ती ऐकत होती की नाही कोण जाणे.

"बाकीच्या खेळाडूंचं बरं असतं," ती म्हणाली. "एकटं असलं तरी भिंतीवर बॉल मारत बसता येतं. गोलकीपरला तसं नाही येत. समोर कोणीतरी लागतं." मग म्हणाली, "गॅविनला खेळता यायचं नाही. एकदाही धड मारला नाही त्याने. पण दर रविवारी समोर उभा असायचा."

आईला तिचं इंग्रजी किती कळलं माहीत नाही. तिने ओळीतली एक स्टिक उचलली, साडी सावरली आणि गोलसमोर जाऊन उभी राहिली. पिर्को तिच्याकडे बघत राहिली, आणि तेवढ्यात बाहेर गाड्यांची दारं आपटायला लागली.

आले सगळे. जोगळेकर नवे कोरे बूट घालून, त्यांच्या मागे बायका, पोरं, हार्ट स्पेशालिस्ट, कोणाच्या हातात थर्मास, कोणाच्या हातात ढोकळा. पार्किंग मिळालं नाही, सॅटनॅव्हने भलतीकडे नेलं, अशी कारणं एकदम सुरू झाली. पिर्कोने सोडलेला पट्टा परत आवळला आणि पटकन मास्क ओढून घेतला.

पहिला मान आईचा होता. तिने दोन्ही हातांनी स्टिक धरली आणि केर लोटावा तसा बॉल लोटला. तो गडगडत, रेंगाळत, अगदी सरळ पिर्कोच्या दिशेने गेला, तिच्या गुडघ्याला घासून आत शिरला आणि जाळीत थांबला. हॉल दणाणून उठला. जोगळेकरांनी आईला उचलायचंच बाकी ठेवलं. चॅम्पियनला गोल मारला, चॅम्पियनला गोल मारला, म्हणून पोरं नाचायला लागली.

मी गोलच्या खांबाशीच उभी होते. पिर्कोने बॉल मुद्दाम सोडला नव्हता. मास्कच्या जाळीतून मला तिचे डोळे दिसत होते, आणि तिला त्या वेळी समोरचं काहीसुद्धा दिसत नव्हतं.