अंगठ्याच्या जोरावर

दुपारी चारला ताईच्या डोळ्यांवरची पट्टी निघायची होती आणि त्याआधी जेमतेम तासभर भाऊच्या कॉम्प्युटरचं इंटरनेट गेलं.

ताईला गेली काही वर्षं माणसं आवाजावरूनच ओळखावी लागत होती. ऑपरेशन दूरच्या शहरात झालं. "पट्टी सुटली की पहिलं तोंड माझ्या भावाचं बघणार," असं तिनं डॉक्टरांना बजावून ठेवलं होतं. भाची हॉस्पिटलातून व्हिडिओ कॉल लावणार होती. भाऊकडे आणि त्याच्या बायकोकडे साधे बटणांचे फोन. त्यामुळे सगळी भिस्त टेबलावरच्या त्या कॉम्प्युटरवर.

"अहो, केबल जोडलेली नाही म्हणतोय तो," बायको स्क्रीन वाचत म्हणाली.

"त्याला काय कळतंय! माझ्या डोळ्यांदेखत जोडलीय."

भाऊनं कॉम्प्युटर बंद करून चालू केला. आतल्या खोलीतला राउटरही बंद करून चालू केला. राउटरचे दिवे मजेत लुकलुकत होते. कॉम्प्युटर मात्र हटून बसला होता. शेवटी बायकोनं खालच्या मजल्यावरच्या टेलिफोनकाकांना हाक मारली. टेलिफोन खात्यातून निवृत्त झाल्यापासून काका कुठलीही वायर दिसली की तिची विचारपूस करत.

"वायर कपाटामागून गेलीय ना? मग तिथंच चेंगरली असणार," काकांनी उभ्या उभ्या निदान केलं. "कपाट सरकवा!"

भरलेलं कपाट हलेना, म्हणून ते रिकामं केलं. पुस्तकं पलंगावर, भांडी जमिनीवर, आणि भाऊ कपाट आणि भिंत यांच्या मधे. तिथे वर्षानुवर्षांची धूळ सुखानं नांदत होती. भाऊ बाहेर आला तेव्हा त्याच्या भुवया पांढऱ्या आणि नाक काळं झालं होतं. डोक्यावर कोळ्याचं जाळं होतं.

"वायर ठणठणीत आहे," तो शिंकत म्हणाला.

"म्हणजे दोष टोकाला असणार," काका जराही न ओशाळता म्हणाले आणि गुडघ्यांना शिव्या देत टेबलाखाली शिरले. "सापडला! प्लगची खिट्टी मोडलीय. आत बसतो, पण टिकत नाही. हे बघा, दाबून धरला... आलं?"

"आलं! आलं!" बायको ओरडली.

"आता सोडतो."

"गेलं!"

चिकटपट्टी लावून पाहिली, तर ती प्लगऐवजी काकांच्या बाहीला चिकटली. चार वाजायला आले.

"बसा तुम्ही खुर्चीत," काका खालून म्हणाले. "मी धरतो अंगठ्यानं."

"अहो, तुमचे गुडघे..."

"गुडघ्यांना कुठे कोणाला बघायचंय? बसा म्हणतो ना!"

भाऊ तोंड पुसणार तेवढ्यात कॉल आला. पडद्यावर ताई होती, नर्स होती, आणि नर्सच्या हातात पट्टीचं टोक. पट्टी सुटली. ताईनं डोळे मिचकावले आणि बराच वेळ ती नुसती बघत राहिली. भाऊ पडद्याकडे झुकला.

"दिसतंय का गं?"

"दिसतंय," ताई म्हणाली. "पण हा गिरणीवाला कोण?"

"ताई, मी! मीच आहे!"

"अरे, मग तोंडाला काय झालंय? आणि मागे हे भांड्यांचं दुकान कोणाचं?"

बायको पदरानं भांडी झाकायला धावली. "ताई, अजून अंधुकच दिसत असेल ना?"

"छे गं. त्याच्या डोक्यावरचं जाळंसुद्धा दिसतंय. कोळ्यासकट!"

तिकडे डॉक्टर हसले, इकडे भाऊ रडायला लागला, आणि मग ताईही दोन्ही करू लागली. डोळे पुसत भाऊनं तिला सगळं सांगितलं.

"म्हणजे ते गृहस्थ अजून टेबलाखाली आहेत?" ताईचा आवाज कापरा झाला. "अरे, त्या देवमाणसाला बघू दे मला. त्यांच्यामुळे तू दिसलास."

काका भारावले. लगबगीनं बाहेर आले, केस सारखे केले, दोन्ही हात जोडून पडद्यासमोर वाकले. पडदा काळा होता.

"दिसलो का मी त्यांना?" काकांनी विचारलं.

भाऊनं काकांना धरून खुर्चीत बसवलं आणि स्वतः टेबलाखाली शिरून प्लग अंगठ्यानं दाबला. भाचीनं पुन्हा कॉल लावला. वर ताईनं आभार मानले, मग काकांच्या गुडघ्यांची चौकशी केली, आणि तिथे काकांना कंठ फुटला. उजवा गुडघा संपून डावा सुरू झाला. ताई खळखळून हसत होती. भाऊचा अंगठा बधिर होत चालला होता. त्यानं तो आणखी घट्ट दाबून धरला.