तीनशे एकवीस पायऱ्यांची आणि एका घंगाळाची बखर

श्री. ज्या देवाच्या उदरास आजवर कोणी बोल लाविला नाही त्यास प्रथम वंदन करून, शके सोळाशे एकूणनव्वद, संवत्सराचे नाव लिहितेसमयी आठवेना सबब जागा मोकळी सोडिली आहे, आश्विन शुद्ध दशमीस श्रीमंत रायभानराजे गडाच्या तीनशे एकवीस पायऱ्या आपले पायी, कोठेही न बसता चढिले, निशाण लाविले आणि गादी राखिली. हे वाक्य लेखणीतून आधीच पडिले. ते पडिलेच नाही ऐसे समजावे. राजे चढिले की न चढिले हे अद्याप कोणास ठाऊक नाही, गादी टांगणीस लागली आहे, आणि वाचणारांनी येथून काळजी करावयास आरंभ करावा.

राज्यास नाव होते, परंतु ज्या कागदावर होते त्यास नेमकी तेथेच वाळवी लागली, म्हणोन नुसते राज्य म्हणावे. राज्य लहान, गड मात्र उंच. थोरले महाराज चढण्याचे शौकी, त्यांनी नियम बांधिला की दरसाल दसऱ्यास गादीच्या धन्याने निशाण खांद्यावर घेऊन तळच्या राजवाड्यापासून बालेकिल्ल्यापर्यंत पायऱ्या चढाव्या, उभ्याने हवा तितका दम घ्यावा, परंतु बूड टेकू नये; टेकले तर गादी त्याच पायरीवर जवळच्या भाऊबंदास द्यावी. आणि थोरले महाराज हा नियम करून कैलासवासी जाहले आणि नातवाची पंचाईत करून गेले. नातू म्हणजे रायभानराजे. स्वभावे गोड, न्यायास खरे, परंतु त्यांचे चालणे म्हणजे पलंगापासून पाटापर्यंत आणि पाटापासून पलंगापर्यंत, तेही मध्ये एकदा थांबून. गतवर्षी दोनशे नव्वदावे पायरीवर राजे भिंतीस ऐसे रेलले की चुलतबंधू फिरंगोजीराव मागून ओरडिले, "बसले! बसले!" मग शास्त्रीबुवा बोलाविले, त्यांनी दोन प्रहर खल करून निर्णय दिला की पाठ टेकणे म्हणजे बूड टेकणे नव्हे, आणि तोवर राजांचा दमही परतला, आणि निशाण कसेबसे लागले. परंतु शास्त्रीबुवा उतरता उतरता कारभारी अंताजीपंतांच्या कानी लागले, "पुढले साली आम्हांस बोलावू नये. इतके बारीक शास्त्र पुन्हा सापडणार नाही."

इकडे फिरंगोजीराव म्हणजे वाळली शेंग. पहाटे उठून सहस्र बैठका मारीत आणि त्या मोठ्याने मोजीत, जेणेकरून शेजारची चार घरेही उठत. त्यांनी आगाऊच जाहीरनामा चावडीस लाविला की, गादी हाती येताच राज्यातील लहानथोरांनी सूर्योदयापूर्वी पाचशे जोर काढावे, मग उकडलेले मूग खावे, आणि दुपारची झोप हा गुन्हा समजावा. परचक्र आले असते तर रयत डोंगरात पळाली असती. परंतु येथे डोंगर चढणे हाच दंड, मग पळावे कोठे? तेव्हा घरोघरी एकच बोलणे की, आपणांस व्यायाम नको असेल तर राजांनी व्यायाम केला पाहिजे. आणि देवळात नवस बोलिले गेले, एकाने तर राजांची कमर चार बोटे उतरल्यास स्वतः चार बोटे वाढवीन ऐसा नवस केला आणि तो आगाऊच फेडावयास लागला.

राजांसही हे कळत होते. त्यांनी चैत्र शुद्ध प्रतिपदेस भर दरबारी हुकूम केला, "उद्यापासून." आणि हा हुकूम रोज नव्याने सुटत सुटत वैशाख उजाडला. मग तालमीचे वस्ताद बोलाविले. वस्ताद बोलिले, "सरकार, आज एकच बैठक. खाली जायचं, वर यायचं." राजे खाली गेले. मग चौघे हुजरे लागले. वस्तादांनी अदबीने सांगितले की, बैठकीचा पहिला अर्धा भाग उत्तम जाहला. तेव्हा अंताजीपंत विचार करून बोलिले की, "महाराज, आपण उगाच कष्टी होता. दरबारची वहिवाट काय? देशमुखी एकाची, आणि काम पाहतो त्याचा मुतालिक. जो धन्याच्या नावे काम करी त्याचे काम ते धन्याचेच काम. मग व्यायामास मुतालिक का नसावा?" हे ऐकून राजे ऐसे संतोषले की उठून उभे राहणार होते, परंतु राहिले नाहीत. आणि मग कोंडाजी म्हणोन एक इमानी शिपाई होता त्यास वस्त्रे दिली, शिक्का दिला, आणि व्यायामाची मुतालिकी सांगितली.

कोंडाजी कामास चोख. प्रत्यही राजांचे नावे जोर काढी, राजांचे नावे बैठका मारी, आणि घाम आला म्हणजे हुजुरात येऊन मुजरा करून सांगे, "सरकारांस आज घाम बहुत आला." राजे कपाळ पुसून म्हणत, "आम्हांसही जाणवले." आणि थकवा आला म्हणोन दोन घास अधिक घेत. राणीसाहेब पडद्याआडून बोलिल्या, "घाम दुसऱ्यास येतो, तर जेवणासही मुतालिक नेमावा." राजे गंभीर जाहले. बोलिले, "ते काम नाजूक आहे. ते खासा आम्हीच पाहू." ज्येष्ठ लागताच कोंडाजीची कमर चार बोटे उतरली. मग दसऱ्याचा अंगरखा बेतावयास शिंपी आला, त्याने वहिवाटीप्रमाणे मुतालिकाची कमर मोजिली आणि राजांचा अंगरखा शिविला, आणि तो राजांस दंडापुढे जाईना. दरबार बसला, बहुत चर्चा जाहली, आणि ठराव जाहला की, कमर बरोबर आहे, अंगरखा फितूर आहे. अंगरखा कैदेत टाकिला. परंतु त्या दिवशी राजांनी मुदपाकखान्यातून आलेला दुसरे ताट परत धाडिले, आणि सारा वाडा घाबरला. राजे राणीसाहेबांस हळूच बोलिले, "आम्ही बसणार. यंदा बसणारच. या गडावाचून आम्हांस दुसरे घर नाही." राणीसाहेबांस थट्टा करण्याजोगे काही उरले नव्हते.

दुसरे दिवशी सकाळी ऐसे जाहले की, राजे सज्जात बसले असता खालून पाणी भरणारी राहीबाई चालली होती. तळच्या झऱ्याचे पाणी बालेकिल्ल्याच्या चौकीस पोचवावे हा तिचा नित्याचा उद्योग. डोईवर दोन घागरी, मागे दोघी सोबतिणी, आणि तोंड अखंड चालू. ती म्हणत होती, "अगं, घरातल्या समद्या भांड्यांच्या वाटण्या झाल्या, राह्यलं एक तांब्याचं घंगाळ. थोरली म्हणती माझ्या माहेरचं, धाकटी म्हणती माझ्या. आन मग धाकटीनं काय केलं, घंगाळ उचललं आन सरळ..." आणि आवाज पायऱ्यांनी वर निघून गेला. राजे सज्जातून ओणवे जाहले. "सरळ काय? सरळ काय केले?" अंताजीपंत धावत गेले आणि धापा टाकीत परत आले, की बाई म्हणते, डोईवर घागरी असता थांबले तर मान मोडते, ऐकायचे असेल त्याने चालत यावे, आणि उतरताना रिकाम्या घागरी घेऊन ती ऐसी पळते की वारा मागे राहतो. मग वहिवाटीप्रमाणे दुसरे दिवशी कोंडाजीस धाडिले. कोंडाजी वरपर्यंत जाऊन आला, मुजरा केला आणि बोलिला, "दोघी जावांत घंगाळासंबंधी तंटा. उभयतांचे म्हणणे ऐकिले. प्रकरण चालू आहे." राजे बोलिले, "कोंडाजी, तू गुणी आहेस. परंतु हे काम मुतालिकाचे नव्हे." आणि जोडा मागविला.

पहिले दिवशी राजे अकरा पायऱ्या चढिले. राही मागे न पाहता बोलिली, "कुणाची म्हस सुटलीय गं, लई धापा टाकती." सोबतिणीने मागे पाहून जीभ चाविली, "अगं बया, धनी हैत!" राही घाबरली, परंतु थांबली नाही. "धनी, चुकलं माझं. पर मान मोडंल, थांबत न्हाई. पाया वरच पडते." राजे बोलिले, "पाया नंतर पड. धाकटीने घंगाळ उचलून काय केले?" "छपरावर नेऊन ठेवलं जी!" इतके अकराव्या पायरीस कळले, आणि आवाज पुढे गेला, आणि छपरावर का ते राहून गेले. राजांस दिवसभर चैन पडेना. दुसरे दिवशी ते कोंबड्याच्या आधी उठून तळच्या पायरीस उभे, आणि कोंबडा उठून त्यांस पाहून दचकला. तेव्हापासून आषाढात शंभर पायऱ्या जाहल्या, श्रावणात डोईवर इरले घेऊन दोनशे जाहल्या. घंगाळ छपरावरून गोठ्यात गेले, गोठ्यातून मामलेदाराकडे गेले, तेथून कोणी न मागता परत आले. आणि दोनशे तेराव्या पायरीस राहीने सांगितले की, "सासू चिडली, जाऊन त्या घंगाळातच बसली! म्हणती, जिचं घंगाळ तिनं मला सांभाळावं. आन तवापासनं थोरली म्हणती घंगाळ धाकटीचं, धाकटी म्हणती थोरलीचं." राजे ऐसे हासले की पहिल्यांदाच थांबावयास विसरले आणि दोनशे तिसाव्या पायरीवर भानावर आले.

मग भाद्रपदात राही गौरीस माहेरी गेली. बारा दिवस. पहिले दिवशी राजे म्हणाले, "गोष्ट नाही तर पाय कशास हलवावे?" आणि पलंगावर जे गेले ते तेथेच. जाहीरनाम्यापुढे पुन्हा गर्दी जमली, वाण्याने मुगाचे भाव चढविले, आणि फिरंगोजीरावांच्या बैठका दोन गल्ल्या ऐकू येऊ लागल्या. अंताजीपंतांनी गादीसाठी डोईवर घागर घेतली आणि राजांस बोलावून आपणच गोष्ट रचून सांगू लागले, परंतु त्यांचे घंगाळ चौथ्याच पायरीस संसाराचे असारपण सांगू लागले, तेव्हा राजे परत फिरले. तिसरे दिवशी मात्र काय जाहले, उजाडता राजांस जाग आली ती पायऱ्यांवरच. म्हणजे झोप अंथरुणात मोडली, परंतु शुद्ध आली तेव्हा जोडा पायी आणि ते साठाव्या पायरीस! पाय त्यांस न पुसता निघाले होते. राजे बहुत रागावले, पायांस बोलिले, "कोणाच्या हुकमाने?" पायांनी उत्तर दिले नाही, एकसष्टावी चढिले. आणि राजे म्हणाले, बरे, आता आलोच आहो तर सासू घंगाळातून निघाली कशी असेल याचा विचार करीत जाऊ. आणि नऊ दिवस ऐसेच एकटे गेले, आणि राही परतली तेव्हा ते तीनशेव्या पायरीस तिची वाट पाहात उभे. राही बोलिली, "अगं आई, धनी माझ्या आधी!" परंतु निशाणाचे लाकूड वजनदार, ते खांद्यावर घेऊन चढणे हे प्रकरण निराळे.

दसरा उजाडला. सारी रयत दुतर्फा उभी. पुढे वहिवाटीने राही, निशाणाच्या पूजेचे पाणी घेऊन. मागे राजे, खांद्यावर निशाण. त्यांच्या मागे फिरंगोजीराव, आणि त्यांच्या काखेत मखमली लोड, तक्क्या आणि मऊ गादी. दर पन्नास पायऱ्यांस ते पुढे होऊन गादी अंथरीत, लोड लावीत आणि गोड आवाजे म्हणत, "दादासाहेब, क्षणभर. कोण पाहतो?" पाहात तर सारे राज्यच होते. राजे न बोलता पुढे जात, आणि फिरंगोजीराव सारे गुंडाळून पुन्हा मागे धावत. ऐसे दोनशे नव्वदावी पायरी आली, तीच गतवर्षीची, आणि निशाणाचे वजन गुडघ्यांत उतरले, आणि गुडघे वाकू लागले, एक बोट, दोन बोटे, आणि खाली गादी अंथरलेली. रयतेने श्वास धरिला. एका म्हाताऱ्याने तर भीतीने तेथेच पहिला जोर काढिला. तेव्हा पुढून राही मोठ्याने बोलिली, "आन मग, धनी, म्हातारी घंगाळातनं उठली!" गुडघे वाकावयाचे राहिले. "उठली?" राजे बोलिले. "उठली, आन म्हणली..." आणि राही चालू लागली. राजे ताठ जाहले, गादी ओलांडिली आणि निघाले. "काय म्हणाली? राहीबाई! काय म्हणाली?" ऐसे विचारीत विचारीत तीनशे एकवीस संपल्या कधी ते त्यांस कळले नाही, निशाण खांद्यावर आहे हेही अंताजीपंतांनी आठवण दिली तेव्हा कळले. आणि निशाण लाविले. इकडे फिरंगोजीराव लोड आणि तक्क्या उचलून उचलून ऐसे थकले की तीनशे सहाव्या पायरीवर आपलीच गादी अंथरून आपणच बसले, आणि तीन वर्षे उठावयाचा विचार नाही ऐसे बोलिले. निशाण फडकताच रयत जी सुटली ती सारी जेथल्या तेथे खाली बसली. कोणी ओट्यावर, कोणी पायरीवर, कोणी शेजाऱ्यावर. जाहीरनामा फाडून त्यात भजी वाटिली, आणि त्या दुपारी राज्यात ऐसी झोप लागली की वेशीवरचा पहारेकरीही पहाऱ्याच्या नावे घोरत होता.

बालेकिल्ल्यावर राजांनी राहीस साडीचोळी दिली आणि बोलिले, "आता सांग. म्हातारी काय म्हणाली, आणि घंगाळ कोणाचे?" राहीने तोंड उघडिले, इतक्यात अंताजीपंतांनी धावून तिचे पाय धरिले. "बाई, तुझ्या पाया पडतो, सांगू नको! आज सांगितलेस तर उद्या हे चढणार नाहीत." राही राजांकडे पाहून हासली, आणि घागरी उचलून चालू लागली. राजे हासून बोलिले, "उद्या कोणत्या घटकेस?" तेव्हा हुकूम निघाला की, घंगाळाचा शेवट राजांचे हयातीत कोणी सांगू नये, विचारूही नये, पुसणे असेल त्याने राहीबाईमागे पायऱ्या चढाव्या, आणि तेथेही कळणार नाही.

एकूण तात्पर्य इतकेच की, गादी राहिली, मूग टळले, झोप वाचली, अंगरखा कैदेतून सुटला आणि थोडा सैल होतो. कोंडाजीस व्यायामाच्या मुतालिकीतून मुक्त केले, तो आता राणीसाहेबांच्या नावे तोच अंगरखा टाके घालून आवळितो. सबब हुजुरांचे सेवेसी सेवकाची नम्र विज्ञापना ऐसीजे की, प्रस्तुत बखर पुरी होण्यास एक ओळ उणी आहे. सेवकास पायऱ्या चढणे होत नाही, आणि चढण्यास मुतालिक धाडिला तर तो नुसते "प्रकरण चालू आहे" इतकेच लिहून आणितो. तरी कृपाळू होऊन, घंगाळ थोरलीचे की धाकटीचे, एवढेच, एका ओळीत, शिक्क्यानिशी, तळच्या पायरीवर लेखी कळविण्याची आज्ञा व्हावी. सेवक तेथेच बूड टेकून बसला आहे.