बिनसरसाचा जोड

एक गोष्ट आधीच ठणकावून सांगतो. मी सरस वापरला नव्हता! थेंबभरही नाही! आमच्या पाराचो गावात आजही एखादा दीडशहाणा मला भर चौकात गाठतो, डोळा मिचकावतो आणि विचारतो, "काय हेर्मिलो, पोट मोकळं झालं का?" त्या वेळी माझ्या हातात पटाशी नसते, हे त्याचं नशीब!

तर झालं असं.

पाराचोत घरटी एक तरी गिटार बनवणारा असतो आणि ज्या घरात एकच असतो त्या घराची लोक कीव करतात. आमच्या घरात दोन आहेत. एक मी आणि दुसरा माझा मेहुणा रुतिलिओ. सासऱ्यांनी जाताना दुकान आम्हा दोघांना ठेवलं. माणूस देव होता, पण एका दुकानात दोन शहाणे कोंडू नयेत एवढं त्याला सुचलं नाही.

गेलं वर्षभर रुतिलिओच्या डोक्यात मशीन शिरलं होतं. "दाजी, बटण दाबायचं, घुर्रर्र, की मान तयार! तुम्ही एक जोड कापायला बसता तोवर लोकांची नातवंडं गिटार शिकून मोकळी होतात."

मी म्हटलं, "नातवंडं शिकतात, कारण आजोबांची गिटार अजून टिकलीय! हातानं कापली होती म्हणून!"

बरं, मशीन ठेवणार कुठे? तर खिडकीपाशी. खिडकीपाशी कोण आहे? मी! वीस-पंचवीस वर्षं माझं बाकडं तिथे आहे. सकाळचं तिरपं ऊन नेमकं त्या बाकड्यावर पडतं आणि लाकडावर ओढलेली रेघ अशी दिसते, की आंधळ्यानंही कापावी! मग मी कुठे बसू? रुतिलिओ निर्लज्जपणे म्हणाला, "मागच्या अंगणात, खुराड्याशेजारी. हवेशीर आहे, दाजी."

रविवारचं जेवण चाललं होतं. चुरीपो, म्हणजे मांसाचा लालभडक रस्सा, माझ्या ताटलीत होता आणि त्याहून लाल माझं तोंड. मी चमचा आपटला.

"ऐक! ऑगस्टच्या जत्रेत हातानं जोड कापायची स्पर्धा आहे. मी जिंकलो तर या घरात मशीनचा म उच्चारायचा नाही. हरलो तर माझं बाकडं मी स्वतः उचलून कोंबड्यांकडे नेईन!"

"कबूल!" रुतिलिओ म्हणाला.

"कोंबड्यांना विचारलंत का, जावईबापू?" सासूबाई म्हणाल्या. माझ्या सासूबाई एदुविखेस बोलतात कमी, पण बोलतात ते असं.

आता हा जोड काय असतो ते सांगतो, म्हणजे माझा संताप तुम्हाला कळेल. गिटारची मान आणि तिचं डोकं हे दोन वेगळे तुकडे असतात. मानेच्या टोकाला बाणासारखी जीभ कापायची, डोक्यात तशीच खाच कापायची आणि एकात दुसरं सरकवायचं. डोकं तिरपं बसतं, त्यामुळे सगळे काप तिरपे. करवत केसभर चुकली की मध्ये फट पडते. मग लोक काय करतात? फटीत लाकडाचा भुसा आणि सरस भरतात आणि देवाचं नाव घेतात! माझ्या जोडात सरस पडतो तो केवळ रिवाज म्हणून. नसता पडला तरी गिटार वाजली असती. असं मी गावभर सांगत फिरलो. बायको हेर्लिंदा म्हणाली, "हेर्मिलो, जरा हळू बोल." मी हळू बोलत नाही!

स्पर्धेचा दिवस उजाडला. चौकात ताडपत्री ताणलेली, खाली आम्हा पाच जणांची बाकडी, बाजूला बँड आणि कोरुंदे, म्हणजे मक्याच्या पिठाचे गोळे, वाफवून विकणाऱ्या ख्रिसान्ताबाईंची शेगडी. परीक्षक होते नाबोर उस्ताद. त्यांच्या भुवया म्हणजे पॉलिशचे दोन जुने ब्रश! डोळ्याला भिंग लावलेलं आणि चेहरा असा, की जणू लाकूड त्यांनीच निर्माण केलं आणि झाडांना उसनं दिलं.

"जोड कोरडा बसवायचा," उस्तादांनी नियम सांगितले. "सरस नाही, मेण नाही, काही नाही. मी तो दिव्यासमोर धरीन. उजेड दिसला की बाद. मग तो माझ्या हातानं उघडीन आणि आतले काप बघीन."

मी मान शिकंज्यात आवळली. तिला टाच आधीच चिकटवलेली होती, म्हणजे मान जिथे गिटारच्या अंगाला भेटते तो जाड भाग. मी करवत उचलली आणि शेजारी रुतिलिओ येऊन उभा राहिला. हातात मक्याचं कणीस, तोंडात मक्याचे दाणे.

"दाजी, तिकडच्याचं अर्धं झालं."

"तू सरक!"

"दाजी, तुमची करवत थरथरतेय का?"

"थरथरत नाहीये! गातेय!"

"कोणत्या सुरात?"

मी मान शिकंज्यातून उपसली आणि त्याच्या नाकासमोर नाचवली. "ही बघ रेघ! रेघेवरून करवत ढळली असेल तर माझं नाव बदल!" मान पुन्हा आवळली आणि कापत सुटलो. संतापात माझा हात फार छान चालतो. पटाशीनं असे पापुद्रे निघत होते, की त्यावर पत्र लिहावं!

तेवढ्यात पाऊस आला. आमच्या डोंगरात ऑगस्टमध्ये दुपारी तो येतोच, त्याचं कुणाला कौतुक नाही. पण ताडपत्रीला भोक होतं आणि भोकाखाली कोण होतं? मी! जोड नुकताच बसवला होता आणि त्याच्यावर टप टप टप पाणी! मी सदऱ्यानं पुसला, पुन्हा पुसला आणि ऐटीत उस्तादांच्या हाती दिला.

त्यांनी आधी चौघांचे जोड पाहिले होते. एकातून उजेड आला, दुसऱ्यातून एवढा आला की त्यातून पलीकडचं चर्च दिसलं. माझा धरला. अंधार! मिट्ट अंधार! उस्तादांनी भिंग पुसलं, पुन्हा बघितलं. त्यांच्या भुवया वर गेल्या. मी रुतिलिओकडे बघितलं. त्यानं कणीस खाणं थांबवलं होतं!

मग उस्तादांनी जोड उघडायला घेतला. उघडेना. त्यांनी दात आवळले. उघडेना. त्यांनी मान गुडघ्यात धरली आणि डोकं ओढलं. उघडेना!

उस्तादांनी घाम पुसला आणि सगळ्या चौकाला ऐकू जाईल अशा आवाजात म्हणाले, "यात सरस आहे."

मला सांगा, अशा वेळी माणसानं काय करावं? उत्तम काम केलं म्हणून चोर! थोडं वाईट केलं असतं तर पहिला नंबर!

"सरस?" मी ओरडलो. "उस्ताद, लाकूड भिजून फुगलंय! पाऊस दिसत नाही का?"

"पाऊस सगळ्यांवर पडला."

"भोक सगळ्यांवर नव्हतं!"

"सरसाचं भांडं कुठे लपवलंस?"

"माझे खिसे बघा! बाकडं बघा! टोपी बघा!" मी एकेक वस्तू जमिनीवर फेकली. भांडं कुठून निघणार?

तेव्हा रुतिलिओनं तोंड उघडलं. नुसती गंमत म्हणून, असं तो आजही शपथेवर सांगतो. म्हणाला, "गिळलं असेल!"

लोक हसले. पण मागच्या लोकांना फक्त "गिळलं" एवढंच ऐकू आलं. त्यांनी त्यांच्या मागच्यांना सांगितलं, की हेर्मिलोनं सरस गिळला. फळवाल्यापर्यंत जाईस्तोवर तो वाडगाभर झाला होता. चर्चच्या दारात पोचला तेव्हा मी स्पर्धा हरल्याच्या दुःखानं सरस पिऊन जीव द्यायला निघालो होतो!

इकडे मला याचा पत्ताच नाही. मी जोड ओढायला माणसं बोलावत होतो. "या! ओढा! फुटला तर फुटू दे, आत सरस दिसला तर मला खांबाला बांधा!" एका बाजूला बँडमधला ट्यूबावाला त्रिनिदाद. तो रोज ते अवजड पितळ गळ्यात घालून मैलभर चालतो, त्याच्या दंडाकडे बैल आदरानं बघतात. दुसऱ्या बाजूला रुतिलिओ. ओढतायत, ओढतायत. चौकातला एकेक कारागीर येऊन जोर लावून गेला. प्रत्येकानं जोड नाकाशी धरला, हुंगला, चाटलासुद्धा! उस्ताद तर भिंग लावून त्याच्यावर बसलेच होते.

एवढ्यात गर्दी फाटली आणि हेर्लिंदा धावत आली. केस सुटलेले, शाल एका खांद्यावर. "हेर्मिलो! एवढ्याशासाठी कुणी जीव देतं का रे?"

"कोण देतंय जीव?"

"बोलतोय अजून!" ती मागे वळून ओरडली. "आई, लवकर!"

मागून सासूबाई. हातात लोटा. लोट्यात, उलटी करवायला, डुकराची कोमट चरबी आणि मीठ. त्यांच्यामागे फादर अनाक्लेतो, गळ्यात जांभळा पट्टा घालून, मला शेवटचा आशीर्वाद द्यायला!

"तोंड उघडा, जावईबापू."

"मी सरस प्यायलो नाही!"

"प्यालेले असंच म्हणतात," सासूबाई शांतपणे म्हणाल्या. "ओठ चिकटायच्या आत घ्या."

"अहो, कुणी सांगितलं तुम्हाला? विचारा या उस्तादांना!"

उस्ताद म्हणाले, "सरस आहे. कुठे आहे ते मी अजून सांगू शकत नाही."

झालं! त्रिनिदादनं जोड खाली ठेवला, नेमका ख्रिसान्ताबाईंच्या शेगडीशेजारी, आणि मला मागून मिठी मारली. रुतिलिओनं पाय धरले. हेर्लिंदानं नाक दाबलं. माणसाचं नाक दाबल्यावर तोंड उघडतंच, त्यात माझा काय दोष! सासूबाईंनी अर्धा लोटा रिकामा केला. पुढचं मी सांगत नाही. एवढंच सांगतो, की बँडनं सभ्यपणानं जोरात वाजवायला सुरुवात केली, आणि फादरांना झगा बदलायला घरी जावं लागलं.

सगळं बाहेर पडल्यावर उस्तादांनी खाली वाकून भिंगातून बघितलं. हो, बघितलं! मी शप्पथ सांगतो! आणि म्हणाले, "सरस नाही. सकाळचा चुरीपो आहे."

मी जमिनीवर बसून होतो. पोट रिकामं, मान खाली, सगळ्या गावासमोर. हेर्लिंदा माझा चेहरा शालीनं पुसत होती आणि रडत होती, आणि मला पहिल्यांदा वाटलं, की जाऊ दे. कोंबड्या तर कोंबड्या. त्या निदान आरोप करत नाहीत.

त्रिनिदादला काय वाटलं कोण जाणे. त्यानं शेगडीजवळून जोड उचलला आणि शेवटचा एक हिसका दिला. टक! डोकं एका हातात, मान दुसऱ्या हातात आणि त्रिनिदाद ख्रिसान्ताबाईंच्या टोपलीत! शेगडीच्या उबेनं लाकूड सुकलं होतं. आतले काप कोरडे, स्वच्छ, काचेसारखे. सरसाचा डाग नाही!

"नाही!" उस्ताद ओरडले. "सरस नाही! असा जोड मी आयुष्यात बघितला नाही!"

काय सांगू! मला खांद्यांवर उचललं. रुतिलिओनं उचललं! उस्तादांनी माझी माफी मागितली, माझा हात वर केला, जोड पुन्हा बसवला आणि उंच धरला. टाळ्यांचा कडकडाट! मी म्हणालो, "बघा, हात म्हणतात तो हा!"

तेव्हा सासूबाई पुढे आल्या. गिटार बनवणाऱ्याच्या घरात त्यांचा जन्म गेला होता. त्यांनी लोटा खाली ठेवला, डोळे बारीक केले आणि विचारलं, "पण हे डोकं पुढे का वाकलंय? जेवायला बसलंय का?"

सगळ्यांच्या माना जोडाकडे वळल्या.

गिटारचं डोकं मागे झुकतं. टाचेच्या बाजूला. म्हणजे तारा ताणून बसतात. हे पाराचोतल्या रांगत्या पोराला ठाऊक आहे. माझ्या जोडातलं डोकं पुढे झुकलं होतं, तारांच्या बाजूला, एखाद्या पाहुण्यानं वाकून नमस्कार करावा तसं. रुतिलिओच्या नाकासमोर मान नाचवून परत आवळताना मी ती उलटी आवळली होती, आणि मग उलट्या बाजूवर अत्यंत सुंदर, निर्दोष, केसभरही न ढळणारे काप घेतले होते!

उस्तादांनी सावकाश भिंग खिशात घातलं. त्रिनिदाद टोपलीतून उठलाच नाही. प्रत्येक कारागीर आपापल्या बुटांकडे बघू लागला, कारण प्रत्येकानं तो जोड ओढला होता, हुंगला होता, चाटला होता!

"नियमात बाजू लिहिली होती का?" मी विचारलं. आवाज माझाच होता, पण कुठूनतरी लांबून येत होता.

"नव्हती," उस्ताद पुटपुटले. आणि घाईघाईनं पहिला नंबर मला देऊन, पाऊस थांबलेला असतानाही छत्री उघडून निघून गेले.

घरी जाताना मी वाट बघत होतो, की रुतिलिओ आता बोलेल, आता बोलेल. त्यानं खिशातून मघाचं कणीस काढलं. मग म्हणाला, "दाजी, मशीन नको."

"का? जिंकलो म्हणून?"

"छे! मी एवढा वेळ ती मान ओढत होतो आणि मला दिसलं नाही. तुम्हाला दिसलं नाही. आपल्या दोघांच्या हाती मशीन असतं, तर अशा शंभर माना एका दुपारीत कापून ठेवल्या असत्या."

मला त्याचा राग यायला हवा होता. आला नाही. उलट त्याचं कणीस अर्धं उरलं होतं, ते मी मागून खाल्लं. पोटात काहीच नव्हतं.

तर माझं बाकडं आजही खिडकीपाशी आहे. ऊन येतं, करवत गाते, हात तोच आहे आणि जोडातून अजूनही उजेड जात नाही. मशीनला मी दारात उभं करणार नाही! फक्त एक छोटी व्यवस्था झाली आहे, घरगुती, बाहेर बोलण्यासारखी नाही. करवत लावण्याआधी प्रत्येक मान स्वयंपाकघरात जाते. तिथे सासूबाई पीठ लागलेल्या बोटानं तिच्यावर एक बाण काढतात आणि खाली लिहितात : "इकडे, जावईबापू."